खोली : चष्म्याविना त्रिमितीय पडद्याच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

कपाट आवरताना काकांच्या कागदांत गणपतीचं एक जुनं रेघारेघांचं चित्र सापडलं. नख फिरवलं की खर्र वाजणारं. सरळ धरलं की गणपती, जरा तिरकं केलं की लक्ष्मी. शाळेत माझ्या कंपासपेटीत अशीच एक फुटपट्टी होती, तिच्यात घोडा पळायचा. त्या चित्रातली प्रत्येक रेघ म्हणजे एक लांबट भिंग असतं आणि त्याखाली दोन चित्रांच्या बारीक पट्ट्या आळीपाळीनं छापलेल्या असतात. डोळा जिथे असेल त्याप्रमाणे भिंग त्यातली एकच पट्टी फुगवून दाखवतं. मग डाव्या डोळ्याला एक पट्टी आणि उजव्याला दुसरी मिळेल अशी सोय केली, तर चष्मा न लावता खोली दिसायला हवी.

ठरवलं ते लिहून ठेवते. आपली चाळ अशा पडद्यावर आणायची. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्यात, पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. फोटो प्रत्येकाकडे आहेत. पण गॅलरीतून चालताना जवळचा खांब झटकन मागे जातो आणि समोरची गॅलरी सावकाश सरकते, ते कुठल्याच फोटोत नाही.

काकूला म्हटलं, मला पडद्यावर खोली दाखवायची आहे. तिनं विचारलं, "कुठली? आपली की समोरची?" दोन्ही, म्हटलं.

१० नोव्हेंबर

आधी सगळ्यात जुना मार्ग, अडथळ्याचा. १९०३मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी त्याचं पेटंट घेतलं. चित्राच्या थोडं पुढे उभ्या काळ्या रेघांची जाळी धरायची. रेघांमधल्या फटीतून डाव्या डोळ्याला पिक्सेलची एक उभी रांग दिसते आणि उजव्याला तिच्या शेजारची. निन्टेंडोनं २०११च्या थ्रीडीएस या हातात धरायच्या खेळयंत्रात हेच तत्त्व वापरलं, फक्त तिथली जाळी हवी तेव्हा बंद करता येत होती. माझी फिल्मवर छापलेली असेल.

घरातला २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. पडद्याची रुंदी ५३१ मिमी, आडवे पिक्सेल १९२०, म्हणजे एक पिक्सेल ०.२७६७ मिमी. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर काकूनं फुटपट्टी धरून मोजलं, ६३ मिमी. बसायचं ६० सेंटिमीटरवर. पिक्सेलच्या मापाला बसण्याच्या अंतरानं गुणून डोळ्यांमधल्या अंतरानं भागलं की जाळी किती पुढे धरायची ते मिळतं : २.६३ मिमी.

फटी दर दोन पिक्सेलला एक. पण त्यांचं अंतर ०.५५३४ मिमी ठेवून चालत नाही. जाळी पिक्सेलपेक्षा डोळ्याच्या जवळ आहे, म्हणून ती किंचित आवळावी लागते : ०.५५१० मिमी. फरक केसाहून बारीक, पण ९६० फटींमध्ये तो साठत जाऊन २.३ मिमी होतो. तेवढ्यात पडद्याच्या कडेला डावं-उजवं कित्येकदा उलटून जाईल.

हे गणित काकांना दाखवलं. काकांची चौतीस वर्षं छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईची फिल्म काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर गेली. त्यांनी कागद उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काढू नकोस बाय. रोलर तापतो, फिल्म ताणते. इमेजसेटर, म्हणजे फिल्मवर प्रकाशानं छापायचं यंत्र, चालू असलेला एक जण आहे परळला, त्याच्याकडे जा." मग लगेच पुढचा प्रश्न : "इंचाला चोवीसशे ठिपके धरले तर एका फटीला किती ठिपके येतात?" भागाकार केला, ५२.०६. "बावन्न-बावन्नच करत गेलीस तर शेवटाला अख्खी फट चुकेल. दर सोळाव्या फटीला एक ठिपका वाढव." हे त्यांनी तोंडी सांगितलं. मी नंतर मोजून पाहिलं, सोळाच येतात.

१६ नोव्हेंबर

फिल्म आली. जाळी आणि पिक्सेल यांच्यामध्ये ३ मिमी जाडीचं ॲक्रिलिक घातलं. ॲक्रिलिकमध्ये प्रकाश वाकतो, त्यामुळे ३ मिमीची जाडी हवेतल्या २ मिमीइतकीच भरते. त्यात पॅनेलच्या स्वतःच्या काचेचा अर्धा मिमी मिळवला की बसायचं अंतर ६० ऐवजी ५७ सेंटिमीटर होतं. तेवढं मागेपुढे करता येतं.

ओट्यावरचा तांब्या आणि त्यामागचे डबे, असे दोन फोटो फोन ६ सेंटिमीटर सरकवून काढले. एकाच्या रांगा सम, दुसऱ्याच्या विषम. फिल्म हातानं अर्धा-अर्धा मिमी हलवत होते आणि एका क्षणी तांब्या डब्यांपासून सुटा झाला. मधली जागा दिसली. रिकामी, हवेची जागा. मी ओरडलेच. काकू हात पुसत आली, तिनं डोकं नेमक्या जागी धरलं आणि हात पुढे केला, तांब्याचा काठ धरायला.

डोकं ६ सेंटिमीटर बाजूला गेलं की डोळ्यांची चित्रं अदलाबदल होतात. मग तांब्या मागे आणि डबे पुढे, असं पोटात ढवळणारं दृश्य दिसतं. जाळी निम्मा प्रकाश खाते. तरी पहिल्या दिवसाला हे पुष्कळ होतं.

शेवटी काका बसले. नीट पाहिलं. म्हणाले, "चित्र स्वच्छ आहे. थोडं अंधारं आहे. यात वेगळं काय दिसायला हवं?"

१७ नोव्हेंबर

काल रात्री झोप लागली नाही. काकांचा डावा डोळा लहानपणी तिरळा होता. देवरुखच्या पुढच्या गावात त्या काळी त्यावर कोणी उपचार केले नाहीत, आणि मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलं. हे मला माहीत होतं. तरीही सबंध आठवडा मी दोन डोळ्यांचं गणित करत होते, आणि फटींचं माप घेताना मदत त्यांचीच घेत होते.

दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळाली की खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८मध्ये आरशांचं उपकरण बांधून दाखवलं. पण खोली कळण्याचा तो काही एकटाच रस्ता नाही. लोकलच्या खिडकीतून विजेचे खांब सपासप मागे जातात आणि मुंब्र्याचा डोंगर जागेवर राहतो, हे एक डोळा मिटूनही दिसतं. नाकतोडा उडी मारण्याआधी अंग डावीउजवीकडे डोलवून अंतराचा अंदाज घेतो. काकाही तेच करतात, आज सकाळी नीट पाहिलं. कपात चहा ओतण्याआधी मान जराशी इकडून तिकडे जाते. लहानपणापासून बघत आले, सवय समजत होते. ते त्यांचं मोजमाप आहे.

तेव्हा ठरलं. दोन चित्रांचा पडदा नको. डोकं हलेल तसं प्रत्येक जागेला नवं चित्र मिळालं पाहिजे. वीसेक चित्रं, शेजारी-शेजारी. मग एक डोळाही पुरतो.

जाळीनं हे जमणार नाही. वीस चित्रांसाठी जाळीचा जेमतेम विसावा हिस्सा उघडा राहील आणि पडदा काळोखात जाईल. भिंगच हवं, ते प्रकाश अडवत नाही, वळवतं. १९०८मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी माशीच्या डोळ्यासारख्या गोल भिंगांची कल्पना मांडली होती. तीत वर-खाली हललं तरी दृश्य बदलतं, पण त्यासाठी चित्रांची संख्या वर्गात वाढते. आपण माना आडव्या हलवतो. लांबट भिंगांची शीट पुरे.

२४ नोव्हेंबर

लॅमिंग्टन रोड. १५.६ इंची लॅपटॉपचं फोर-के पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर बोर्ड घेतला. दुकानदारानं पॅनेल चालू करून पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग दाखवले, एकही पिक्सेल मेलेला नाही. ३४४ मिमी रुंदीत ३८४० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उभे सबपिक्सेल, एकेक ०.०३ मिमी रुंद. मला खरे हवेत ते हे सबपिक्सेलच.

योगायोग असा की सोनीनं २०२०मध्ये बाजारात आणलेला चष्म्याविना त्रिमितीय पडदाही १५.६ इंची आणि फोर-केच आहे. त्यात वर कॅमेरा असतो, तो बघणाऱ्याचे डोळे शोधत राहतो आणि चित्र त्यांच्याप्रमाणे बदलतं. फार सुंदर युक्ती आहे, पण एका वेळी एकाच माणसासाठी. आमच्याकडे कुठलीही गोष्ट बघायला चार जण एकदम वाकतात. मला तसाच पडदा हवा.

१ डिसेंबर

भिंगांची शीट आली. काकांनी त्यांचं जुनं भिंग लावून, फुटपट्टी शेजारी धरून रेघा मोजल्या : इंचाला ४०. जाडी २ मिमी. प्लॅस्टिक पीईटीजी.

शीट सपाट बाजूनं पॅनेलवर ठेवली आणि सगळं धुरकट. कारण कागदावर काढून पाहिलं. ही शीट छापील चित्रांसाठी बनलेली आहे. तिचा फोकस बरोबर तिच्याच पाठीवर पडतो, कारण कागद तिथे चिकटतो. माझे पिक्सेल त्याहून मागे आहेत, पॅनेलच्या काचेआड. भिंगाखालचा प्रकाश तिथे पोचेपर्यंत फाकतो आणि एका भिंगाखालची सात-आठ चित्रं एकमेकांत मिसळतात.

उपाय दोन दिवसांनी सुचला. शीट उलटी करायची, रेघा आत, पॅनेलकडे. मग भिंगामागे प्लॅस्टिकऐवजी हवा येते आणि फोकस भिंगापासून १.२७ मिमीवर पडतो. काचेचा वाटा वजा केला तर मध्ये ०.८ मिमी मोकळी जागा लागते. चारही कडांना तेवढ्या जाडीच्या पट्ट्या लावल्या. धुरकटपणा गेला. शिवाय बाहेरची बाजू गुळगुळीत झाली, फडक्यानं पुसता येते. काकूला हे सगळ्यात आवडलं.

७ डिसेंबर

आजचा दिवस मोठा.

भिंगं अगदी उभी लावली होती, पिक्सेलच्या रांगांना समांतर. पांढरा पडदा लावला. पांढरा दिसायला हवा होता. दिसले लाल, हिरवे, निळे पट्टे, बोटाएवढे रुंद, डोकं हललं की पडदाभर वाहत जाणारे. मध्ये काळे पट्टेही. कारण समजायला वेळ लागला नाही : उभं भिंग डोळ्याला एका वेळी सबपिक्सेलची एकच उभी रांग फुगवून दाखवतं, आणि ती रांग एकतर लाल असते, नाहीतर हिरवी, नाहीतर निळी. दोन रांगांमधली काळी फटसुद्धा तेवढीच फुगते. कारण समजलं, पण मार्ग दिसेना. दुपारभर प्रोग्रॅममध्ये रंग पुसायचा प्रयत्न केला. पुसले जात नाहीत.

संध्याकाळी काका पडद्यासमोर उभे राहिले. इतके दिवस त्यांनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही जाळी आहे."

"कसली जाळी?"

"आमच्याकडे पडायची ती. एका जाळीवर दुसरी जाळी सरळ ठेवलीस की तिसरीच जाळी दिसायला लागते. चार रंगांच्या छपाईत हीच भीती. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळ्या कोनात फिरवावी लागते. काळा पंचेचाळीसवर, किरमिजी पंचाहत्तरवर, निळा पंधरावर. तीन जोरकस रंगांत तीस-तीस अंशांचं अंतर. पिवळा फिका, त्याची जाळी डोळ्याला फारशी दिसत नाही, म्हणून त्याला नव्वदवर ठेवायचं." हे सांगताना ते हवेत हातानं अदृश्य फिल्म फिरवत होते. मग म्हणाले, "तुझं भिंग सरळ कशाला ठेवलंस? फिरव."

मी डबल टेप सोडवला आणि शीट हळूहळू फिरवली. तीन-चार अंशांवर पट्टे अरुंद झाले. आठ-नऊच्या आसपास ते विरघळले. पडदा पांढरा झाला. दुधासारखा नाही, किंचित रवाळ, पण पांढरा.

काकांनी शीटची कड टेपनं धरली आणि पेन्सिलीनं खूण केली.

८ डिसेंबर

रात्री वाचत बसले. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत व्हॅन बर्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नेमकं हेच केलं होतं : द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यावर भिंगं तिरकी ठेवली, आणि कुठल्या सबपिक्सेलवर कितवं चित्र टाकायचं त्याचं सूत्र दिलं. त्यांचा एक प्रसिद्ध कोन म्हणजे सहास एक उतार, ९.४६ अंश. काकांची पेन्सिलीची खूण मोजली. साडेनऊच्या आत-बाहेर येते.

या उतारात एक मजा आहे. पिक्सेलची उंची तीन सबपिक्सेलएवढी, म्हणून सहास एक उतारावर एक ओळ खाली गेलं की भिंग बरोबर अर्धा सबपिक्सेल सरकतं. त्यामुळे एकाच चित्राचे ठिपके दर दुसऱ्या ओळीत लाल, हिरवा, निळा असे वाटले जातात आणि रंग जुळतो. दुसरा फायदा त्याहून मोठा. उभ्या भिंगात बारकाव्याचा सगळा तोटा आडव्या दिशेनं होतो, तिरक्यात तो आडव्या-उभ्या दोन्हींत वाटला जातो.

हिशोब : तिरक्या भिंगाची आडवी रुंदी ०.६४४ मिमी. तिच्याखाली २१.५ सबपिक्सेल. पूर्ण आकडा येत नाही, यायची गरजही नाही, सूत्र अपूर्णांक चालवून घेतं. मी २२ चित्रं धरली. ६० सेंटिमीटरवर ती सगळी मिळून ३० सेंटिमीटर रुंदीत पसरतात, म्हणजे दर १४ मिमीला नवं चित्र. दोन डोळ्यांमध्ये साडेचार चित्रं बसतात, आणि एकच डोळा हलला तरी दर १४ मिमीला त्याला काहीतरी नवं मिळतं. ३० सेंटिमीटरच्या पलीकडे तीच मालिका पुन्हा सुरू होते, म्हणून शेजारी बसणाऱ्यालाही पूर्ण दृश्य मिळतं.

किंमतही लिहून ठेवते. पडद्यावर ८३ लाख पिक्सेल आहेत, पण एका चित्राच्या वाट्याला ३ लाख ८६ हजार येतात, साधारण ८३० गुणिले ४६५. जुन्या डबा टीव्हीच्या जवळपास. फोर-के घ्यावं लागलं ते यासाठी.

१४ डिसेंबर

रंग बिघडले, वस्तूंना जांभळ्या-हिरव्या कडा. चार तास गेले. शेवटी सापडलं : बोर्डावर चित्र ६० हर्ट्झनं पाठवताना एचडीएमआयची वाट अपुरी पडत होती आणि कॉम्प्युटर गुपचूप रंगांची बरीचशी माहिती गाळून पाठवत होता. नेहमीच्या चित्रात हे कळतही नाही. इथे प्रत्येक सबपिक्सेल वेगळ्या चित्राचा आहे, शेजाऱ्याचा रंग उसना घेऊन भागत नाही. ३० हर्ट्झवर आणून रंग पूर्ण पाठवले, कडा गेल्या. फाइलीही जेपेगमध्ये ठेवायच्या नाहीत, त्याच कारणानं.

२२ डिसेंबर

जुळवणी. २२ पैकी एकच चित्र पांढरं, बाकी काळी, असा नमुना लावायचा. एक डोळा मिटून मधोमध बसायचं. भिंगाखालच्या सबपिक्सेलचा आकडा बरोबर असेल तर अख्खा पडदा एकदम उजळतो, नसेल तर पट्टे दिसतात. ६० सेंटिमीटरवरून बघण्यासाठी आकडा २१.५४६ ऐवजी २१.५९२ धरायचा. कारण तेच, भिंग डोळ्याच्या जवळ आहे. ०.०१ चुकलं तर ५३५ भिंगांमध्ये पाच सबपिक्सेलची चूक साठते, म्हणजे पाव भिंग.

एक डोळा मिटून जुळवायचं असल्यानं हे काम काकांनी घेतलं. ते खुर्चीवर, मी कीबोर्डवर. "खाली डावा कोपरा पडला. आता आला. थांब. एक पायरी मागे." त्यांची नजर एका पायरीचाही फरक पकडते. रात्री अकराला सगळा पडदा एकदम पांढरा झाला आणि ते उठले.

५ जानेवारी २०२५

दोन आठवडे एकच कोडं. सकाळी जुळवलेला पडदा दुपारी बिघडतो आणि रात्री पुन्हा आपोआप बरा होतो. प्रोग्रॅम तपासला, केबल बदलली, बोर्ड तापतोय का पाहिलं.

काल काकूनं सहज विचारलं, हे प्लॅस्टिक उन्हानं वाढत नाही का? थंडीत सकाळी खोलीत विशीच्या आसपास तापमान असतं, दुपारी तिशी ओलांडते, त्यात पॅनेलचा आतला दिवा वेगळा. पॅनेलची काच जवळजवळ वाढत नाही. पीईटीजी वाढतं : ५ अंश तापलं की ३४४ मिमीमध्ये ०.१२ मिमी. माझ्या हिशोबात ते चार सबपिक्सेल. कोडं सुटलं.

दोन बदल केले. शीट चारही कडांना चिकटवली होती, ती आता फक्त मधोमध, वर आणि खाली एकेका ठिकाणी धरली आहे. वाढली तरी दोन्ही बाजूंना सारखी वाढेल, म्हणजे कडेची चूक निम्मी. आणि पडदा चालू करून चाळीस मिनिटं थांबल्याशिवाय जुळवायचं नाही.

१२ जानेवारी

चित्रं टिपण्याचं काम. २२ जागांवरून, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. स्टुडिओत याला मोठा रूळ लागतो. आमच्याकडे तो शंभरेक वर्षांपासून आहे : तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा सागवानी कठडा.

सर्वांत जवळचं म्हणजे ३ मीटरवर कपडे वाळत घालायची तार, समोरची गॅलरी १४ मीटरवर, चौकातला झेंड्याचा खांब साधारण ६ मीटरवर. खांब पडद्याच्या पातळीवर ठेवायचा, तार त्याच्या पुढे येईल, समोरची गॅलरी मागे जाईल. फोन दर वेळी किती सरकवायचा? फार सरकवला तर शेजारच्या दोन चित्रांत तार इतकी उडी मारेल की ती दोनदा दिसेल. थोडा सरकवला तर सगळं सपाट. मोजून ३ सेंटिमीटर आले, त्यात तार एका चित्रामागे सव्वातीन पिक्सेल हलते. २२ जागा म्हणजे ६३ सेंटिमीटर. कठड्यावर खडूनं खुणा केल्या.

कठडा मध्ये दबलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथेच टेकून उभे राहिले, गप्पा मारल्या, भाजी निवडली. ६३ सेंटिमीटरमध्ये तो ४ मिमी खाली जातो. चित्रं वर-खाली झाली तर डोळ्यांना फार त्रास होतो, म्हणून प्रत्येक चित्र प्रोग्रॅमनं उचलून रांगेत आणलं. कठडा मात्र रंधला नाही.

पहिला प्रयत्न वाया गेला. २२ फोटो काढेपर्यंत चार मिनिटं गेली आणि तेवढ्यात तारेवरची साडी वाऱ्यानं तीन वेळा फिरली. पडद्यावर ती साडी नव्हती, नुसता धूर होता.

२६ जानेवारी

सकाळी आठला चौकात झेंडावंदन, सगळी चाळ खाली आणि गॅलऱ्यांमध्ये. आधीच सगळ्यांना विनंती केली होती : राष्ट्रगीताला ५२ सेकंद उभे राहता, ते संपल्यावर आणखी दहा सेकंद तसेच राहा. फोटोऐवजी व्हिडिओ, फोन लाकडी पाटावर, पाट कठड्यावर. ६३ सेंटिमीटर सात सेकंदांत.

राष्ट्रगीत संपलं आणि कोणी हललं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी काठी धरून, पोरं हात खाली ताणून, दूधवाला कॅन घेऊन दारात. मी पाट ओढत होते आणि पाट लाकडावर घासल्याचा आवाज चौकात ऐकू येत होता.

झेंडा मात्र फडफडत होता, तो थांबणार कसा. त्यावर उपाय निघाला. खांब पडद्याच्या पातळीवर आहे, आणि त्या पातळीवरची वस्तू २२ही चित्रांत एकाच जागी असते. म्हणून मधल्या चित्रातला झेंडा बाकी सगळ्या चित्रांत त्याच जागी बसवला. फक्त झेंड्यामागून दिसणारी भिंत प्रत्येक चित्रात तिची तिची ठेवावी लागली. त्यात पुढचे दोन आठवडे गेले.

९ फेब्रुवारी

पडदा पाचला चालू केला. पावणेसहाला काकांनी जुळवला. आजचा आकडा २१.५९८.

चित्र लावलं. काकू जवळचा चष्मा शोधत होती, म्हणून काका आधी बसले, ६० सेंटिमीटरवर. काही क्षण स्थिर. मग मान किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, चहा ओतण्याआधी जाते तशी. मग जास्त. पडद्यासमोर ते ३० सेंटिमीटर हलले की तिकडे कठड्यावर ६३ सेंटिमीटर सरकत होते. मालिकेच्या टोकाला दृश्य उडी मारून परत सुरुवातीला येतं. ते त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या टोकापर्यंत गेले नाहीत.

"तार पुढे आहे," ते म्हणाले. "खांब मध्ये. आणि आजींच्या दारामागे आत दिवा लागलेला आहे, तो उजवीकडून दिसतो, डावीकडून नाही."

मी इतके दिवस ही चित्रं एकेक करून तपासली होती. तो दिवा मला दिसला नव्हता. बाविसाव्या, एकविसाव्या आणि विसाव्या चित्रात आहे, बाकीच्यांत दाराची चौकट त्याला झाकते.

काकूला चष्मा सापडला. ती शेजारी बसली, तिच्या मागे समोरचे दोघे, दारात आणखी कोणी. काका उठले नाहीत. त्यांची मान अजून हलत होती.

शनिवारी चौथ्या मजल्याचा कठडा. तिथला कितपत दबलाय ते आधी दोरी लावून बघायचं.